साखरेची चूळ

थकवा हा सर्वांच्या परिचयाचा, परंतु फार थोड्यांच्या ओळखीचा असा पाहुणा आहे. दिवसभर नांगर धरणारा शेतकरी, ओझें वाहणारा हमाल, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसणारा शिक्षक आणि मैदानावर धांवणारा खेळाडू या सर्वांची त्याच्याशीं रोज गांठ पडते. पण तो येतो कोठून, पायांतून वर चढतो कीं डोक्यांतून खालीं उतरतो, असें विचारलें तर छातीला हात लावून उत्तर देणारा विरळा. गेल्या सुमारें सव्वाशें वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा जो पाठलाग केला, त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्याच्या अगदीं अलीकडच्या प्रकरणांत अशी एक गोष्ट घडली आहे कीं, ती प्रथम ऐकणाऱ्यास थट्टाच वाटावी. साखरेचें किंवा पिष्टाचें पाणी न गिळतां केवळ तोंडांत खेळवून थुंकून टाकलें, तरी माणूस अधिक वेगानें सायकल चालवतो, असें कांहीं विद्वानांनीं प्रयोगानें दाखविलें. पोटांत घोट उतरला नाहीं, रक्तांतील साखर वाढली नाहीं, आणि तरीही पाय जोरानें फिरूं लागले! आपण ज्याला तोंडाला पानें पुसणें म्हणतों, तोच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें फसविणारा आणि फसणारा एकाच देहांत नांदतात, आणि फसगतींतून नुकसानीऐवजीं लाभ होतो.

हा लाभ खरा किती, तो कोठवर पोंचतो, आणि विशेषतः अल्पकाळाच्या भरधांव शर्यतींत तो टिकतो कीं नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. ज्या देशांत अजून कित्येकांच्या तोंडीं पुरेसा घांस जात नाहीं, तेथें तोंडांतला घांस थुंकून टाकण्याच्या शास्त्राची चर्चा कशाला, असेंही कोणी म्हणेल. परंतु या चुळीच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. माणूस थांबतो तो शक्ति संपल्यामुळें थांबतो, कीं शक्ति संपेल या भयानें थांबतो? या प्रश्नाच्या उत्तरावर केवळ शर्यतींचाच नव्हे, तर एकंदर मानवी प्रयत्नाच्या मर्यादेचा आपला विचार अवलंबून आहे.

आरंभ १९०४ सालापासून करणें सोयीचें आहे. त्या वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथें ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत झाली. ऊन कडक, रस्ते धुळीचे, आणि वाटेंत पाण्याची सोय जवळजवळ नाहींच. बत्तीस धांवपटू निघाले, त्यांपैकीं चौदाच अखेरपर्यंत पोंचले. विजयी झालेला टॉमस हिक्स हा शेवटच्या कांहीं मैलांत इतका गळून गेला होता कीं, त्यानें पाणी मागितलें. सोबतच्या मदतनिसांनीं तें देण्याचें नाकारलें आणि ओल्या स्पंजानें त्याचें तोंड तेवढें आंतून पुसून काढलें. पुढें त्यास कुचल्याचें सत्त्व, म्हणजे स्ट्रिक्नीन, अंड्याच्या पांढऱ्या बलकांत घालून दिलें, आणि वर ब्रँडीही पाजली. ३ तास २८ मिनिटें ५३ सेकंदांत त्यानें शर्यत जिंकली खरी, पण तो जिवानिशीं वांचला हेंच नवल. त्या काळीं ही गोष्ट कोणास निंद्य वाटली नाहीं; उलट औषधांचा धांवपटूस कसा उपयोग होतो याचें उदाहरण म्हणून ती प्रशंसेनें सांगितली गेली. आज स्ट्रिक्नीन हें खेळांतील निषिद्ध द्रव्यांच्या यादींत आहे. मात्र ओलें तोंड आणि कोरडें पोट या स्थितींत पळणारा तो धांवपटू पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाचें जणूं पूर्वचिन्हच होता. अर्थात् त्या स्पंजांत साखर नव्हती, आणि त्यामागें कोणतें शास्त्रही नव्हतें.

शास्त्र दुसरीकडे जन्म घेत होतें. इटलींतील तुरिन येथील प्राध्यापक आंजेलो मोस्सो यांनीं १८९१ सालीं थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटाला वजन बांधून तें पुनःपुन्हां उचलावयास लावावें आणि प्रत्येक उचलीची उंची कागदावर रेखाटावी, असें एक यंत्र त्यांनीं तयार केलें होतें. त्यांच्या एका सहकाऱ्यानें विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेण्यापूर्वीं व घेतल्यानंतर या यंत्रावर बोट चालवून पाहिलें, तों परीक्षेनंतर बोटाची शक्ति पुष्कळच घटलेली आढळली. परीक्षेनें परीक्षकच अधिक थकतो, हें अध्यापकांस सांगावयास यंत्राची गरज नाहीं. पण बोटानें कांहींच काम केलेलें नसतां डोक्याचा शीण बोटांत उतरतो, ही गोष्ट त्या रेघांनीं प्रथमच कागदावर आणली. 

दुसरा धागा रशियांतला. पावलॉव यांनीं कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशीं छेदून ती अशी बाहेर काढली कीं, कुत्र्यानें खाल्लेला घांस पोटांत न जातां मानेंतून खालीं पडावा. कुत्रा खातच राहिला, पोट रिकामेंच राहिलें. आणि तरीही कांहीं मिनिटांत जठरांतून पाचक रस पाझरूं लागला. मेंदूकडून जठराकडे जाणारी मज्जा तोडली म्हणजे मात्र तो रस थांबे. जिव्हेनें दिलेली वर्दी मेंदूला पोंचते आणि मेंदू पुढील तयारीचा हुकूम सोडतो, हा त्याचा अर्थ. पचनक्रियेवरील या कार्याबद्दल पावलॉव यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९०४ सालींच. हिक्सच्या कोरड्या पोटाचा आणि पावलॉवच्या कुत्र्याच्या रिकाम्या पोटाचा संबंध जोडण्याची बुद्धि मात्र कोणास झाली नाहीं. ती व्हावयास पुरीं शंभर वर्षें लागावयाचीं होतीं.

कारण मध्यंतरीं शास्त्राचें सारें लक्ष पोटाकडे, रक्ताकडे आणि स्नायूंकडे लागलें. १९२४ सालीं बोस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीनंतर तेथील वैद्यांनीं धांवपटूंचें रक्त तपासलें. जे अगदीं गलितगात्र होऊन आले होते, त्यांच्या रक्तांतील साखर फार खालीं गेलेली आढळली. पुढच्या वर्षीं त्यांनीं कांहीं धांवपटूंस आदल्या दिवशीं भरपूर पिष्टमय अन्न घेण्यास सांगितलें, आणि वाटेंत साखरेच्या गोळ्या खाण्यास दिल्या. तेव्हां रक्तांतील साखर उतरली नाहीं, आणि माणसेंही शर्यतीच्या अखेरीस बऱ्या स्थितींत आढळलीं. येथून साखर ही धांवपटूची शिदोरी झाली.

१९३९ सालीं कोपनहेगन येथील क्रिस्टेन्सन व हान्सेन या दोघां संशोधकांचे निबंध प्रसिद्ध झाले. कर्बोदकांनीं भरलेलें अन्न खाणारा मनुष्य स्निग्ध अन्न खाणाऱ्यापेक्षां दुपटीहून अधिक वेळ काम करूं शकतो, हें त्यांनीं दाखविलें. आणि पाठ्यपुस्तकांनीं हेंच उचलून धरलें. पण त्याच निबंधांत आणखी एक निरीक्षण होतें. अगदीं थकून थांबलेल्या माणसास ग्लुकोज पाजलें असतां तो पुन्हां उठून काम करूं लागे. परंतु त्याच्या श्वासाच्या तपासणीवरून पाहतां शरीरांत साखरेचें ज्वलन फारसें वाढलेलें दिसत नसे. यावरून त्यांनीं असें अनुमान केलें कीं, साखरेचा हा गुण स्नायूंपेक्षां मेंदूवर झालेला असावा. हें अनुमान पुढें बराच काळ अडगळींत पडून राहिलें. इतिहासांत असें पुष्कळदां घडतें. निबंधाचा जो भाग प्रचलित मताला पोषक असतो तो वाचला जातो, आणि जो अडचणीचा असतो तो केवळ छापलेला राहतो.

प्रचलित मताला बळकटी आणणारें साधन १९६० नंतर हातीं आलें. स्टॉकहोम येथील बेर्गस्ट्रॉम यांनीं स्नायूचा लहानसा तुकडा काढणारी सुई प्रचारांत आणली. १९६६ सालीं त्यांनीं व हुल्टमन यांनीं स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच सायकलीचीं पायटीं दोघांनीं एकेका पायानें थकेपर्यंत फिरविलीं, दुसरा पाय स्वस्थ ठेवला, आणि नंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. जो पाय राबला होता त्यांत ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतली सांठवलेली साखर, स्वस्थ पायाच्या सुमारें दुप्पट भरली. आतां चित्र स्पष्ट झालें असें सर्वांस वाटलें. शरीर ही एक भट्टी, ग्लायकोजेन हें तिचें सरपण. सरपण संपलें कीं भट्टी विझते, आणि यालाच थकवा म्हणावयाचें. १९८६ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, जे सायकलपटू नुसत्या पाण्यावर तीन तासांनीं थकून थांबत, ते वाटेंत कर्बोदकें घेतल्यास चार तास टिकत. भट्टीचा सिद्धांत निर्विवाद झाला.

पण हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला अखेर एखादी रक्कम जुळत नाहींच. १९९७ सालीं हॉलंडमध्यें यूकेनड्रुप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें एका तासांत संपणाऱ्या सायकलच्या शर्यतीचा प्रयोग केला. तेव्हां साखरेचें पाणी पिणारे पटू सरासरी २.३ टक्के लवकर पोंचले. आतां एका तासाच्या श्रमानें सुदृढ माणसाच्या स्नायूंतील ग्लायकोजेन संपत नाहीं, रक्तांतील साखरही घसरत नाहीं. आणि प्यालेल्या पेयांतून त्या वेळांत उपयोगांत येणारी साखर अवघी पांच ते पंधरा ग्रॅम असावी असा हिशेब निघाला. भरलेल्या कोठारांत मूठभर धान्य टाकल्यानें घर अधिक श्रीमंत होत नाहीं. मग हा वेग आला कोठून?

याचा छडा बर्मिंगहॅम विद्यापीठांत कार्टर, यूकेनड्रुप व जोन्स प्रभृतींनीं लावला, आणि तो ज्या पद्धतीनें लावला ती तर्कशास्त्राच्या वर्गांत उदाहरण म्हणून सांगण्यासारखी आहे. प्रथम त्यांनीं साखर तोंडाला वगळून थेट शिरेंतून रक्तांत सोडली. रक्तांतील साखर भरपूर वाढली, स्नायूंना हवी तेवढी मिळूं लागली. पण शर्यतीचा वेळ जराही सुधारला नाहीं. मग त्यांनीं उलट केलें. माल्टोडेक्स्ट्रिन या जवळजवळ बेचव अशा कर्बोदकाचें ६.४ टक्क्यांचें द्रावण नऊ सायकलपटूंच्या तोंडांत दिलें. शर्यतीचा प्रत्येक अष्टमांश संपला कीं पांच सेकंद चूळ खेळवावयाची आणि भांड्यांत थुंकून टाकावयाची, असा नियम होता. साध्या पाण्याच्या चुळीनें सरासरी ६१.३७ मिनिटें लागलीं, तर या चुळीनें ५९.५७ मिनिटें. हे दोन्ही निबंध २००४ सालीं प्रसिद्ध झाले. रक्तांत साखर ओतली तर कांहीं नाहीं. ती जिभेवरून नुसती फिरविली तर जवळजवळ तीन टक्क्यांचा लाभ! हिक्स व पावलॉव यांच्या वर्षानंतर बरोबर एका शतकानें दोन्ही धागे एकत्र आले.

येथें वाचकाच्या मनांत शंका येईल कीं, हा गोडीचा परिणाम असेल. गोड लागलें, मन प्रसन्न झालें, पाय हलके झाले. ही शंका २००९ सालीं चेंबर्स, ब्रिज व जोन्स यांनीं तपासून पाहिली. एका द्रावणांत खरी साखर, दुसऱ्यांत केवळ कृत्रिम मधुरद्रव्य. आणि दोन्हींची गोडी अशी जुळविलेली कीं चाखणाऱ्यास फरक कळूं नये. तरीही ग्लुकोजच्या चुळीनें २.० टक्के व माल्टोडेक्स्ट्रिनच्या चुळीनें ३.१ टक्के लाभ झाला. कृत्रिम गोडीच्या वांट्यास तो आला नाहीं. मेंदूचीं चित्रें घेतलीं तेव्हां, खऱ्या कर्बोदकानें मेंदूचे असे कांहीं भाग जागृत झालेले दिसले, कीं ज्यांचा संबंध बक्षिसाच्या अपेक्षेशीं आणि हालचालीच्या नियमनाशीं जोडला जातो. नुसत्या गोडीनें ते भाग निद्रिस्तच राहिले. तात्पर्य, जिव्हेला गोड कळतें तें निराळें, आणि अन्न कळतें तें निराळें. माल्टोडेक्स्ट्रिनसारखे पदार्थ माणसाच्या जिभेला गोडीच्या ज्ञात ग्राहकांवांचूनही ओळखतां येतात, असें पुढें अमेरिकेंतील ओरेगन येथें झालेल्या प्रयोगांवरूनही दिसून आलें आहे. मात्र एक सावधगिरी येथेंच नोंदविली पाहिजे. मेंदूचीं तीं चित्रें यंत्रांत स्वस्थ पडलेल्या माणसांचीं होतीं, सायकल मारणाऱ्यांचीं नव्हत. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या डोक्यांत जें दिसलें तेंच धांपा टाकणाऱ्याच्या डोक्यांत घडत असेल, हें अनुमान संभवनीय आहे, सिद्ध नव्हे.

आपल्याकडे उन्हांतून आलेल्या पाहुण्याच्या हातीं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देण्याची जुनी रीत आहे. गूळ जिभेवर ठेवतांच, तो पचण्यापूर्वींच, हुशारी वाटते असा अनुभव पुष्कळजण सांगतील. तेवढ्यावरून हें सारें आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असा डंका पिटण्याचा मोह कोणास होईल, तर तो आवरावा हें बरें. आपला गूळ गिळला जातो. त्यांत जिभेचा वांटा किती आणि पोटाचा किती, हें आपण कधीं निराळें करून पाहिलें नाहीं. अनुभव पुष्कळांपाशीं असतो. शास्त्र जन्मतें तें अनुभवाचे भाग पाडण्यांत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. तासाभराच्या शर्यतींत जें घडलें, तें तीस सेकंदांच्या किंवा सहा सेकंदांच्या भरधांव शर्यतींत घडतें काय? खरें पाहतां या प्रश्नाची कसोटी अधिक कडक आहे. अल्पकाळाच्या धांवेंत रक्तांतील साखरेचा फारसा संबंधच येत नाहीं. स्नायूंत तयार असलेलें क्रिएटिन फॉस्फेट आणि तेथल्या तेथें प्राणवायूशिवाय होणारें ग्लायकोजेनचें विघटन, यांवरच ती मुख्यतः चालते. तेव्हां तेथें चुळीचा गुण आला, तर तो निखालस मेंदूचाच म्हणावा लागेल.

ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें चाँग, गेल्फी व फूर्निए यांनीं हा प्रयोग केला; त्यांचा निबंध २०११ सालचा. स्पर्धेंत उतरणाऱ्या सायकलपटूंस माल्टोडेक्स्ट्रिनची किंवा ग्लुकोजची चूळ देऊन तीस सेकंद सर्व शक्तीनें पायटीं फिरवावयास लावलीं. परिणाम शून्य. २०१३ सालीं बीव्हन प्रभृतींनीं सहा सहा सेकंदांच्या पांच भराऱ्यांचा प्रयोग केला. तेव्हां कर्बोदकाच्या चुळीनें पहिल्या भरारींतील कमाल शक्ति वाढलेली आढळली, पण पुढच्या भराऱ्यांत तो लाभ टिकला नाहीं. २०१४ सालीं फिलिप्स प्रभृतींनीं तीस सेकंदांच्या भरारीपूर्वीं एकामागून एक आठ चुळा दिल्या. कमाल शक्ति किंचित् वाढली, सरासरी शक्ति होती तेथेंच राहिली. जणूं आरंभींच्या उत्साहाचें कर्ज अखेरीस फेडावें लागलें. फुटबॉलपटूंच्या पुनःपुन्हां धांवण्याच्या कसोटींत २०१३ सालींच बोर्तोलोत्ती प्रभृतींस कांहींच लाभ आढळला नाहीं. त्याच वर्षीं डॉर्लिंग व अर्नेस्ट यांचाही निष्कर्ष नकारार्थीच निघाला. म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींत जो आवाज स्वच्छ ऐकूं येत होता, तो अल्पपल्ल्याच्या धांवेंत कुजबुजीइतका क्षीण झाला, आणि पुष्कळांस तर ऐकूंच आला नाहीं.

असें कां व्हावें? माझ्या मतें याचें उत्तर मेंदूच्या धंद्यांत आहे. तासाभराची शर्यत म्हणजे काटकसरीचा संसार. आतां किती खर्चावें आणि पुढें किती उरवावें याचा निवाडा मेंदूला क्षणोक्षणीं करावा लागतो, आणि तो स्वभावानें भित्रा खजिनदार असल्यामुळें नेहमीं कांहीं हातचें राखूनच देतो. जिभेवर अन्नाची वर्दी आली कीं, माल येत आहे या भरंवशावर तो तिजोरी थोडी सैल सोडतो. माल येत नाहींच, चूळ थुंकली जाते. पण तोंवर खर्च होऊन गेलेला असतो, आणि कोठारांत मुळांत पुष्कळ असल्यामुळें दिवाळेंही निघत नाहीं. उलट तीस सेकंदांची भरारी म्हणजे घराला आग लागली असतांची धांव. तेथें काटकसर नाहीं, निवाडा नाहीं, राखून ठेवणें नाहीं. जें आहे तें सर्व एकदम बाहेर फेंकावयाचें. जो हात आधींच मोकळा सुटला आहे, त्यास उदार हो म्हणून सांगण्यांत काय अर्थ? पहिल्या क्षणाच्या उसळींत थोडासा फरक पडावा आणि पुढें तो विरून जावा, हें या विचाराशीं सुसंगत आहे. ज्या न्यूझीलंडांतील प्रयोगानें तोंडांत कर्बोदक येतांच मेंदूकडून स्नायूंकडे जाणारी प्रेरणा तत्काल वाढते असें २०१० सालीं दाखविलें, त्यांतही हा परिणाम ठळक दिसला तो थकलेल्या स्नायूंत. ताज्यातवान्या धांवपटूस तो कमी मिळावा हें ओघानेंच आलें.

या इतिहासाला एक कडू पानही आहे. पर्थ येथीलच गॅम प्रभृतींनीं २०१४ सालीं साखरेऐवजीं क्विनीनचें कडू द्रावण दिलें. त्याची चूळ भरून तें गिळल्यावर तीस सेकंदांच्या भरारींतील सरासरी शक्ति २.४ ते ३.९ टक्के वाढली! म्हणजे जें साखरेला साधलें नाहीं, तें कडवटपणानें साधलें. पण पुढच्याच वर्षीं त्यांनीं गिळणें वगळून नुसती चूळ दिली, तेव्हां तो गुण नाहींसा झाला. तोंडांतील व घशांतील कडवटपणाचीं सर्व ठाणीं जागीं होण्यास तें गिळणेंच आवश्यक असावें, असा त्यांचा तर्क आहे. याच मंडळींनीं आणखी एक गोष्ट २०१३ सालीं दाखविली होती, आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. लांब शर्यतींत मधूनमधून पाण्याची चूळ भरण्यापेक्षां मुळींच चूळ न भरणारा पटू अधिक जलद जातो. कारण चूळ भरतांना श्वासाची लय मोडते आणि लक्ष विचलित होतें. कर्बोदकानें ही हानि भरून निघाली इतकेंच. याचा अर्थ असा कीं, ज्या लाभाचा आपण उत्सव मांडला, त्यांतला कांहीं अंश पाण्याच्या चुळीनें केलेल्या नुकसानीशीं तुलना केल्यामुळें मोठा दिसत होता. तुलना कोणाशीं केली हें विचारल्यावांचून कोणत्याही टक्केवारीवर विश्वास ठेवूं नये, हा धडा केवळ शरीरशास्त्राचा नाहीं.

जेवणाचाही प्रश्न आहे. आरंभींचे अनुकूल प्रयोग बहुतेक उपाशीपोटीं केलेले होते. २००९ सालीं मास्ट्रिख्त येथें बीलेन प्रभृतींनीं न्याहारी केलेल्या सायकलपटूंवर प्रयोग केला, तेव्हां चुळीचा गुण दिसला नाहीं. इतर कांहींस तो तृप्त स्थितींतही आढळला, पण उपाशीपोटीं अधिक. पोट भरलेलें असलें कीं जिभेच्या वार्तेला मेंदू फारशी किंमत देत नाहीं, असें दिसतें. आणि शर्यतीला उपाशी कोण जातो? एक वर्ग असा आहे. रमजानचा उपास पाळणारे खेळाडू दिवसा पाणीही गिळत नाहींत. मलेशियांतील उष्ण दमट हवेंत अशा सायकलपटूंवर केलेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, चूळ न भरणाऱ्यांपेक्षां चूळ भरणारे सरस ठरले. मात्र चूळ कर्बोदकाची असो कीं नसो, लाभ दोन्हींनीं झाला. तहानेल्याला ओलावाही पुरतो. सेंट लुईसच्या त्या स्पंजाचें स्मरण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

२०१८ सालीं रशियांत झालेल्या विश्वचषकाच्या वेळीं नामांकित फुटबॉलपटू पेय तोंडांत घेऊन थुंकतांना दूरचित्रवाणीवर दिसले, आणि वृत्तपत्रांनीं या चुळीची कथा जगभर नेली. पण अभ्यासकांची चाल सावध आहे. २०१९ सालीं सायकलच्या शर्यतींवरील प्रयोगांचें एकत्र परीक्षण प्रसिद्ध झालें; त्यांत सरासरी शक्ति वाढल्याचें दिसलें, परंतु शर्यत संपविण्यास लागणाऱ्या वेळांत निःसंशय फरक दिसला नाहीं. आठ, नऊ, बारा अशा लहान संख्येच्या माणसांवर केलेले हे प्रयोग, आणि दोन-तीन टक्क्यांचा हा फरक. एवढ्या पायावर उभारलेल्या इमारतीचे मजले मोजतांना घाई करूं नये.

तरीही या साऱ्या खटाटोपाचें फलित थोडें नाहीं. शेपन्नास रुपयांची बाटली विकणाऱ्यास यांत विकण्यासारखें कांहीं सांपडेलही. परंतु शाळेच्या मैदानावर शंभर मीटर धांवणाऱ्या मुलास यांतून मिळण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, हें त्याच्या शिक्षकानें त्यास स्वच्छ सांगावें. त्याच्या वेगाचें मूळ सरावांत, झोपेंत आणि पोटभर अन्नांत आहे. त्याला हवा तो थुंकून टाकावयाचा घांस नव्हे, गिळावयाचा घांस. खरें फलित निराळें आहे. भट्टी आणि सरपण यांचा जो सुटसुटीत सिद्धांत अर्धशतक निर्वेधपणें राज्य करीत होता, त्यास एका चुळीनें मर्यादा घालून दिली. सरपण असतें, तें संपतेंही, आणि चार तासांच्या शर्यतींत तेंच निर्णायक ठरतें. पण त्याच्या पुष्कळ अलीकडे आपण थांबतों, आणि तेथें आपणांस थांबविणारा आपल्याच मस्तकांत बसलेला असतो. मोस्सो यांच्या यंत्रावरील रेघा आणि कोपनहेगनच्या निबंधांतील तें दुर्लक्षित अनुमान यांना अशा रीतीनें उशिरां कां होईना न्याय मिळाला.

आणि त्याच बरोबर त्या खजिनदाराच्या सत्तेलाही सीमा आहे, हें अल्पपल्ल्याच्या धांवेनें दाखवून दिलें. जेथें माणूस कांहींच राखून ठेवीत नाहीं, तेथें त्याला फसवून आणखी कांहीं काढतां येत नाहीं. पर्थच्या त्या शून्य परिणामाची बातमी वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत आली नाहीं, येणारही नव्हती; परंतु चुळीच्या सामर्थ्याची हद्द ज्यानें आंखून दिली, तो तोच प्रयोग. साखरेच्या चुळीनें काय साधतें हें बर्मिंगहॅमनें शिकविलें. काय साधत नाहीं हें पर्थनें. ज्ञानाच्या जमाखर्चांत या दोन्ही नोंदींची किंमत सारखीच धरली पाहिजे.